हातांची बोली

३ फेब्रुवारी
आज पुन्हा पळता पळता मधेच थांबले. वर घारी फिरत होत्या — बघत राहिले. आठशे मीटर तसेच राहिले!
पोलीस भरतीचा फॉर्म आबांनी भरायला लावला. म्हणाले, घरात वर्दी असली की आपल्याला कुणी रानातून हाकलत न्हाई. मेंढरामागं फिरताना लई ऐकून घेतलंय त्यांनी. पण मला वर्दीतली मी दिसतच नाही. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, आणि पुढे काय म्हटलं की डोक्यात नुसतं धुकं. मामा म्हणतो बी.एड. कर. मैत्रीण खुशनुमा म्हणते लॅबचा कोर्स कर. ज्याचं ऐकावं त्याचं खरं वाटतं.

११ फेब्रुवारी
वनस्पतिशास्त्राच्या मॅडमकडे गेलते. पुढे काय करू कळत नाही, एवढं बोलले आणि रडूच आलं. त्यांनी हे कर, ते कर असं काही सांगितलं नाही. म्हणाल्या, "एकेका कामाच्या जागी अख्खा दिवस जाऊन बस. पगार विचारू नको. दुपारी चार वाजता तिथली माणसं कशी दिसतात, तेवढं बघ."

१४ फेब्रुवारी
लॅब. चार वाजता सगळे घड्याळाकडे बघत होते. मीही.

१८ फेब्रुवारी
खुशनुमाच्या धाकट्या बहिणीला, हुस्नाला, ऐकू येत नाही. नऊ वर्षांची आहे. तिच्या शाळेत खुशनुमाचं काम होतं, मी सहज सोबत गेले.
वर्गात आवाज नाही, आणि गलका मात्र केवढा! हात, भुवया, खांदे — सगळं बोलतंय. एक बाई कोल्ह्याची गोष्ट सांगत होत्या, नुसत्या बोटांनी. कोल्हा ओढ्यात पडला तेव्हा मीही मुलांबरोबर हसले. मला कसं कळलं?
हुस्नानं मला नाव दिलं. हनुवटी वर, बोट आभाळाकडे. खुशनुमा म्हणाली, इथं प्रत्येकाला असं नाव मिळतं. वर बघणारी! ज्याच्यावरून लहानपणापासून बोलणी खाल्ली, तेच माझं नाव.
घड्याळ बघितलं तर साडेचार वाजून गेलते.

१९ फेब्रुवारी
एसटीत लिंबागणेशच्या पुढे डोळा लागला. स्वप्नात आमचं गाव पाण्याखाली होतं. कुणीच बोलत नव्हतं, आणि सगळ्यांना सगळ्यांचं कळत होतं.

२८ फेब्रुवारी
मैदानी चाचणी झाली. न थांबता पळाले. आबा कडेला उभे होते ना.

९ मार्च
आता दर शनिवारी शाळेत जाते. बाईंनी सांगितलं, अशा मुलांना शिकवायचा दोन वर्षांचा कोर्स असतो, संभाजीनगरला राहावं लागेल. मी करते म्हटलं. त्यांनी विचारलं, कशापायी करायचाय? मी म्हटलं, एरवी माझं लक्ष कुठेतरी भरकटलेलं असतं. इथे मी इथेच असते.

१६ एप्रिल
भरतीची यादी लागली. लेखीतही निघाले. माझं नाव आहे!
आबांनी नवा फेटा बांधला, पारावर सगळ्यांना चहा पाजला. मी हसत राहिले. तोंड दुखलं.

१८ एप्रिल
मेंढरांना पाणी पाजताना आबांना सांगितलं. वर्दी नको. ऐकू न येणाऱ्या लेकरांना शिकवायचंय.
आबा माझ्याकडे बघतच राहिले. रागावतील असं वाटलं होतं. काठी उचलली आणि निघून गेले.

१९ एप्रिल
जेवलेसुद्धा नाहीत. आई म्हणते, त्यांना मान खाली घालायला लावलीस तू.

२० एप्रिल
सकाळी आबा शेजारी येऊन बसले. त्यांना एक बहीण होती — रुक्मिण, माझी आत्या. आमच्या घरात हे नाव मी कधीच ऐकलं नव्हतं.
"मेंढरामागं चालायची. हाका मारल्या तरी मागं बघायची न्हाई. आमी तिला खुळी म्हणायचो. मागून ट्रक आला, आमी समदे वरडलो."
फेटा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "खुळी नव्हती ती. जा तू."