मुदतवाढीचा अर्ज

प्रिय धाकट्या,

रागात आहे, म्हणून फोन न करता लिहिते आहे. फोनवर तू ‘ताई, शांत हो’ म्हणतोस आणि मी मूर्खासारखी शांत होते.

निवृत्तीच्या नियोजनाचं तुमचं ते मार्गदर्शन झालं, त्या सभागृहात खुर्च्या आम्ही लावल्या, चहा आम्ही दिला. मग दार ओढून घ्यायला सांगितलं, तेही बाहेरून आम्हीच ओढलं. आत प्राध्यापक मंडळी दरमहा पेन्शन बरं की एकरकमी पैसे, यावर दोन तास शंका विचारत होती आणि बाहेर आम्ही कपबशा विसळत होतो. विद्यापीठात निवृत्त काय फक्त प्राध्यापकच होतात? आमचे गुडघे झिजत नाहीत?

पर्याय कळवायची सूचना ईमेलने गेली. शिपायांना आणि प्रयोगशाळेतल्या आम्हा परिचरांना विद्यापीठाने ईमेल दिलेलाच नाही, हे पेन्शनच्या समितीचा अध्यक्ष असून तुला ठाऊक नव्हतं? मुदतीत अर्ज न देणाऱ्याने एकरकमी पैसेच निवडले असं धरलं जाईल, हे वाक्य तुझंच ना? तेहतीस वर्षं काचेची भांडी धुतली मी. म्हातारपणी दर महिन्याला हातात काही येणार की नाही, ते मला न विचारताच ठरलं.

वर तू म्हणालास, तुला कशाला ती कटकट, आमच्याकडेच राहा, मागची खोली रिकामीच आहे. तुझ्या बायकोने तर पडद्यांचा रंगही विचारला. पोरगी मनाने चांगली आहे, तिच्यावर राग नाही. पण स्वतःच्या म्हातारपणाची आखणी तू चाळिशीपासून करतोयस आणि माझ्यासाठी मागची खोली? नववीत शाळा मी हौसेने सोडली नव्हती रे. घरात एकाच्याच फीची सोय होती आणि तुझं डोकं चालतं असं सगळे म्हणायचे. माझं चालतं का, हे कुणी विचारलंच नाही.

मुदत वाढव म्हटलं, तर खाली बघत म्हणालास की लोक म्हणतील, बहिणीसाठी नियम वाकवला. तेव्हा मी घरी येऊन भांडी आपटली.

मग आठवडाभर प्रत्येक विभागात फिरले आणि एकेकाला नियम समजावला. माळीकाकांना तीनदा सांगावं लागलं, पण कळल्यावर त्यांनीच पुढे चौघांना पटवलं. सोबत अर्ज आहे. एकतीस जण आहेत, त्यातल्या दोघांचे अंगठे. मुदतवाढ या एकतीस जणांपुरतीच मागितली आहे. सोमवारच्या बैठकीत तो मांड, आणि मांडण्याआधी नावं नीट वाच. माझं नाव त्यात नाही. मी मुद्दामच सही केलेली नाही. आता कुठली सबब सांगतोस ते बघते.

रागावलेली असले तरी तुझीच,
ताई