शेवटचं पान वाचून दाखवायचं नाही

बाई, तुम्ही गेलात तेव्हा मी चौथीत होते. आता सांगलीत लहान मुलांची पुस्तकं लिहिते, छापते, आणि सध्या एका मोठ्या ॲपवाल्या कंपनीशी भांडून बसले आहे. भांडणाला कारण तुम्ही, म्हणून तुम्हालाच सांगते.

अजून डोळ्यांपुढे आहे: मेढ्याच्या शाळेत शेवटच्या तासाला तुम्ही गोष्ट वाचता आहात. चोर घरात शिरतो, आणि नेमकं तिथं तुम्ही पुस्तक मिटून खिडकीत ठेवता. पुढचं हवं त्यानं स्वतः वाचायचं. आम्ही त्या खिडकीवर तुटून पडायचो. एकदा मी सगळ्यांच्या आधी शेवट वाचला आणि ऐटीत वर्गभर सांगत सुटले. तुम्ही मारलं नाहीत. "समदं सांगून बसलीस व्हय गं? आता ह्या पोरांनी वाचायचं काय?" एवढंच म्हणालात. ते अजून लागतं.

कंपनीला ॲपवर माझ्या गोष्टी माझ्याच आवाजात हव्या होत्या. मी वाचून दिल्या, पण प्रत्येक गोष्टीत शेवटच्या पानाआधी थांबले. ते पान पडद्यावर नुसतं दिसतं, मुलांनी वाचायचं. लगेच कंपनीच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, मुलं कंटाळून दुसरीकडे जातील. शेवट रेकॉर्ड करा, नाहीतर गोष्टी काढाव्या लागतील." मी म्हटलं, "काढा." ॲपमुळे गोष्टी पोचतात ती एवढी घरं एका फटक्यात हातची जातील, याचं वाईट वाटतंच. तरी शेवट मी वाचणार नाही.

कारण परवा कुंडलहून एका आजीचा फोन आला. "आवं ताई, तुमी मधीच गप का हुता? नात लय चिडली. मग बसली बोट ठिवून, एकेक अक्षर लावत. पर वाचलं तिनं. आता रोज मलाच वाचून दावतीया." बाई, त्या पोरीला कंटाळा आला नव्हता. तिच्यासाठी कुणीतरी काहीतरी शिल्लक ठेवलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तुम्ही एक पुस्तक अर्ध्यावर मिटून माझ्या हातात दिलंत. "शेवट तू वाच, आन् कुणाला सांगू नगंस." शाळा उघडायच्या आत तुम्ही गेलात. ते पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात आहे, खुणेला तुमचं एसटीचं तिकीट. पोरांना शेवट वाचायला लावणारी मी, पण ते पान अजून उलटलेलं नाही. उलटलं की तुमचा तास संपेल. हे पत्रही त्या तिकिटाशेजारीच ठेवते.