‘सर्टन’ची पायरी

दुमयात, गुरुवार

प्रिय फिकरी यास रागिबचा कडकडून सलाम.

तुझे गुडघे कसे आहेत? अस्वानच्या उन्हात गुडघे आपोआप मोकळे होतात असं तू लिहिलं होतंस. माझा विश्वास बसला नाही, पण तुझ्या गुडघ्यांविषयी आदर आहे. मुलंसुना, नातवंडं आणि ती खोकणारी शेळी सगळे खुशाल असोत. मी बरा आहे. साखर रक्तातही आहे आणि चहातही, त्यामुळे जास्त कुठली हे डॉक्टरला ठरवता येत नाही.

लिहायला कारण विशेष काही नाही. (हे वाक्य तू नेहमीप्रमाणे खरं मानू नकोस.) निवृत्त झाल्यापासून घराखालच्या बंद पडलेल्या सुतारखान्यात मी इंग्रजीची शिकवणी घेतो, हे तुला ठाऊक आहेच. चार विद्यार्थिनी आहेत, चौघीही आज्या आणि चौघींचीही मुलं परदेशात. त्यातली एक तुझी बहीण. मी तिला ‘उम्म हानी’ म्हणतो. तिच्या मुलाच्या नावाने हाक मारणं सोपं जातं; तिचं स्वतःचं नाव माझ्या तोंडून एक्केचाळीस वर्षांत निघालेलं नाही.

परवा फळ्यावर आपल्या इंग्रजीच्या उस्ताद वस्फींची शिडी काढली. आठवते? खाली ‘पॉसिबल’, म्हणजे झालं तर होईल. त्याच्या वर ‘लाइकली’, बहुधा होईल. मग ‘शुअर’, म्हणजे आपल्या मनाची खात्री. ती माणसालाच असते, खुर्चीला किंवा बातमीला नसते. आणि सगळ्यात वर ‘सर्टन’. ही खात्री माणसालाही असते आणि गोष्टीलाही. पण या पायरीवर चढायचं तर खिशात पुरावा हवा, नाहीतर मान मोडेल, असं म्हणत उस्ताद ज्याच्या खिशात पुरावा नसेल त्याच्या पोटऱ्यांवर छडी मारायचे. (तुला पाच, मला तीन. अजून पावसाळी हवेत दुखतं.) छडी विसरलो, शिडी मात्र अशी डोक्यात बसली की तिने माझं वाटोळं केलं.

तुमच्या घरी मी मागणी घालायला आलो तो दिवस तू विसरला असशील, मी नाही. माझ्या काकांनी फातिहा वाचून सोयरीक पक्की करायला तळहात उघडले होते. गुलाबाच्या सरबताचं तबक दारापर्यंत आलं होतं. एवढ्यात तुझ्या वडिलांनी, कालव्यावर इंग्रज साहेबांबरोबर कारकुनी केल्याचा बाज राखत, मला इंग्रजीतून विचारलं, सरकारी नेमणूक नक्की ना? दुमयातचा कुठलाही पोरगा म्हणाला असता, ‘शंभर टक्के, इन्शाल्ला!’ आणि बैठकीतल्या सगळ्यांना कळलं असतं की नेमणूक अजून आलेली नाही, पण मुलगा रीतीचा आहे. मी मात्र मनात शिडीकडे बघितलं. खिसा चाचपला. पत्र नव्हतं. म्हणालो, ‘लाइकली.’

काकांनी मांडीला असा चिमटा काढला की वळ आठवडाभर राहिला. हाजी दसूकी म्हणाले, ‘बहुधा? मग माझ्या लेकीला काय सांगू, आज बहुधा जेवण आहे?’ तबक माघारी गेलं. (स्वयंपाकघरात दोन पेले तू प्यालास, मला दारातून दिसत होतं.) नेमणुकीचं पत्र अकरा दिवसांनी आलं. तोवर तुझ्या बहिणीचा साखरपुडा त्या खुर्च्यांच्या व्यापाऱ्याशी झाला होता. अल्ला त्याला जन्नत देवो, त्याला जगातल्या सगळ्याची खात्री असायची. पुढे मला सना मिळाली, संसार चांगला झाला, तिलाही जाऊन आता सात वर्षं झाली. तक्रार नाही.

तर परवाची गोष्ट. पुढच्या महिन्यात कॅनडाच्या व्हिसासाठी कैरोला बहियाची मुलाखत आहे. (बघ, लिहिताना नाव निघालं.) साहेब विचारणारच, परत याल का? मी उत्तर घोटून घेत होतो, ‘आय ॲम सर्टन टु कम बॅक.’ ती हातातला खडू ठेवून म्हणाली, ‘उद्याचं असं छातीठोक बोलू? जीभ झडेल माझी. मी आपली ‘लाइकली’ म्हणते.’

‘‘लाइकली’ म्हटलंत तर ठप्पा मिळणार नाही, उम्म हानी.’

‘हे तुम्ही मला शिकवताय, उस्ताद?’

बाकीच्या तिघींना काही कळलं नाही. माझ्या हातातला खडू मात्र पडला. मग ती हळूच म्हणाली, ‘आणि पुरावा कुठला दाखवू? घर हानीच्या नावावर. तिकडे त्याने माझ्यासाठी खोलीसुद्धा रंगवलीय. परत यावंच लागेल असं इथे माझं काय आहे?’ फिकरी, ती गेली तर परत येणार नाही. याबाबतीत मी ‘शुअर’ आहे.

असो. गुडघ्यांना तिळाचं तेल लाव.

तुझा
रागिब

ता. क. हाजी नाहीत, आता घरचा वडीलधारा तू. माझ्यासाठी तिला विचारशील? पेन्शनच्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे. या वेळी पुरावा खिशात आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं आणि ती धड्याला आली. पत्ता वाचून म्हणाली, ‘दादाला काय लिहिलंत?’ म्हटलं, गुडघ्यांची चौकशी. ‘गुडघ्यांना एवढं जाड पाकीट?’ माझ्याने खोटं बोलवेना, पाकीट तिच्या हातात दिलं. तिने ते फोडून उभ्याउभ्याच सगळं वाचलं, पेन्शनचा कागद काढून मला परत दिला आणि म्हणाली, ‘हा अब्बांनी मागितला होता, मी नव्हता मागितला. त्या साहेबाला मी ‘सर्टन’ सांगणार आहे.’

मी विचारलं, आणि उद्याचं अल्लाच्या हाती, त्याचं काय?

‘येणं उद्याचं, उस्ताद. मन आजचं. आजचं मला ठाऊक आहे.’

तेव्हा विचारायचं काम उरलं नाही. फातिहा वाचायला तेवढा ये. सरबत मी करतो, तू स्वयंपाकघरापासून लांब बस.