हिरालालचा गुप्त काढा

३ ऑगस्ट
मंजिरीला सातवा लागला. बाळाची जबाबदारी आजपासून मी घेतली. समता कॉलनीतल्या डॉक्टर मॅडम म्हणतात, विचारल्याशिवाय तिला काही देऊ नका. विचारलं तर नाहीच म्हणणार. मग विचारायचं कशाला?

९ ऑगस्ट, रविवार
अभनपूरच्या बाजारातून जडीबुटीवाल्या हिरालालचा काढा आणला. बाळ तेज, बाळंतपण सोपं. आत काय काय आहे विचारलं, तर म्हणाला, भैया, गुप्त है. गुप्त म्हणजे असलीच! मंजिरी म्हणाली, मले नको. मी समजावलं, जडीबुटीला साइड इफेक्ट नसतो. शेवटी हव म्हणाली. समजावण्याची कला लागते.

१४ ऑगस्ट
रोज ग्लास रिकामा. तिची अट एकच, पिताना मी समोर नको, उमासे येतात. मान्य.
माझा सकाळचा कारल्याचा रस चालू आहे. वजन उतरवणारच. आताशा कारली भलतीच कडू येतात. खत नसावं. उत्तम.

२ सप्टेंबर
पोट बिघडलं. कँटीनचे समोसे कायमचे बंद.

११ सप्टेंबर
समोसे बंद, पोट तसंच. मीटिंगमधून चारदा उठलो. साहेबांनी विचारलं, घरी ठीक? म्हटलं, बाप होणं सोपं नसतं. काढ्याची दुसरी बाटली आणली.

२८ ऑक्टोबर
मुलगी! मॅडमनी विचारलं, काही औषधं चालू होती? मी छाती फुगवून सांगितलं, काढा, दोन बाटल्या. त्यात काय होतं? म्हटलं, गुप्त. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, काही मुळ्या आईला सोसतात, बाळाला नाही. कोणत्या ते ठाऊक नसेल तर आम्ही कशावर इलाज करायचा? पोट्टीला तपासायला काचेच्या खोलीत नेलं. एवढीशी मूठ. फार भीती वाटली.

संध्याकाळी
मंजिरीला कळलं तशी तिने मॅडमना बोलावून सांगितलं, एक घोट नाही घेतला मी. मग गेला कुठे? माझ्याकडे बघून म्हणाली, तुमच्या कारल्याच्या रसात टाकून राहिली होती. साइड इफेक्ट नसते म्हणे.

३० ऑक्टोबर
पोट्टी ठणठणीत. मायलेकींना घरी सोडलं. घरात माझं कोणी ऐकत नाही, याचा एवढा आनंद आयुष्यात झाला नव्हता.
मला मात्र तपासण्यांसाठी ठेवून घेतलं आहे.