खिळ्यावरचे हूक

सोमवार, १२ फेब्रुवारी १९६८. सांगली

आज नव्या मॅ.साहेबांनी खुर्ची दिली. इतकी वर्षं या ट्रकवाहतुकीच्या कंपनीत मालाच्या पावत्या फाडतोय, युनियनचा चिटणीस आहे, पण 'बसा' म्हणणारा मॅनेजर पहिलाच. वर चहा, तोही कपबशीत.

झालं असं की साहेब गोदामात फेरी मारत होते. दाराजवळच्या भिंतीवर खिळ्याला रामा कांबळ्याचा पोती ओढायचा हूक लटकत होता. हा कुणाचा, माणूस कुठाय, म्हणाले. मी सांगितलं. आमच्या हमालांची रीत आहे, ज्याला यायला जमत नाही त्याचा हूक जोडीदार आणून खिळ्याला अडकवतो. हूक आला की माणूस आला. त्याच्या वाटची पोती बाकीचे उचलतात, मी हजेरी लावतो. जुने साहेब बघून न बघितल्यासारखं करायचे. "साहेब, आमच्याकडे माणूस आजारी पडतो, माल आजारी पडत नाही," असंही म्हणालो. वाक्य झकास जमलं. साहेब हसले. "बरीच एकी आहे," म्हणाले.

उन्हाळ्यात ताडपत्र्या नव्या द्या म्हणून विषय काढला. "बघू," म्हणाले. त्यांचा हा एकच शब्द. पंख्याला बघू, पाण्याच्या माठाला बघू. हमालांनी त्यांचं नावच बघूसाहेब ठेवलंय.

घरी शालनला खुर्चीचं सांगितलं. म्हणाली, "बसला तर बसला. तुमी बोलला काय तेवढं सांगा." बायकांना कौतुक म्हणून नसतं.

शुक्रवार, २३ फेब्रु.

नोटीस लागली. आठ हमाल कमी. हळदीचा हंगाम ऐन भरात, गोदामात पाय ठेवायला जागा नाही, आणि माणसं जादा झाली म्हणे.

मी तावातावानं आत गेलो. आज खुर्ची नव्हती, म्हणजे होती, पण त्यावर फायली होत्या. साहेब शांतपणे म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत ना, माणसं नसली तरी काम होतं. मग नसलेल्या माणसांना पगार कशाला? रेल्वेची ब्रॉडगेज आली की आणखी कमी करावी लागतील." मी म्हणालो, साहेब, ते एकमेकांसाठी जास्त ओझं उचलतात, म्हणून होतं. म्हणाले, "म्हणजे उचलू शकतात."

निघताना वर म्हणाले, "तुमची काळजी करू नका. खोटी हजेरी लावलीत, पण प्रामाणिकपणे सांगितलंत."

बाहेर आलो तर सगळे वाट बघत उभे. काय म्हणाला साहेब? मी म्हणालो, ब्रॉडगेजचं कारण सांगतो. तेवढंच सांगितलं.

शनि. २४

सकाळी सुतार येऊन भिंतीतले सगळे खिळे उपटून गेला. प्रत्येक खिळ्याच्या जागी भोक आणि भोवती पोपडा निघालेला. हमाल बघत राहिले. आता सगळ्यांना कळलं की खिळ्यांचीच भानगड आहे.

बाळू माने सरळ म्हणाला, "साहेबाला हे कुणी सांगितलं? घरचा भेदी हाय कुणीतरी." त्याचा धाकटा भाऊ त्या आठांत आहे. लग्न ठरलंय पोराचं.

मग एकेक जण जोडायला लागले. साहेबाची फेरी झाली त्या दिवशी खिळ्यावर हूक होता कांबळ्याचा. दुसऱ्या दिवशी साहेबानं बोलावलं कांबळ्याला. (आई आजारी म्हणून मलकापूरला गेला होता; कुठं होतास, एवढंच विचारलं त्याला.) शिवी न खाता बाहेर आला. आणि आठांत नाव नाही! आता नाव नाही कारण नोकरीत तो जुना, शेवटी आलेले आधी जातात, हा युनियनचाच नियम. मलाच पाठ आहे. म्हणालोही मी, पण असं, पुटपुटल्यासारखं.

कांबळे म्हणाला, "मी न्हाई बोल्लो." एकदाच म्हणाला. मग ताडपत्री दुमडायला लागला. मी पावत्यांवर मान घातली.

मंगळ. २७

हळदीचं पोतं एकट्यानं पाठीवर घेता येत नाही. समोरून जोडीदार हात देतो, तेव्हा ते चढतं. माने आणि कांबळ्याची जोडी डेपोत सगळ्यात जुनी. पोतं कधी उचललं कळायचंसुद्धा नाही.

आज मानेनं त्याला हात दिला नाही. "तुझा जोडीदार साहेब हाय न्हवं? बोलाव त्याला." दुसऱ्या कुणीच दिला नाही. कांबळे पोतं थप्पीच्या कडेला ओढायचा, आपण खाली बसायचा, पाठ लावून हळूहळू उभा राहायचा. दिवसभर. मी टेबलापाशी. टेबल तिथून दहा पावलांवर.

दुपारी कुणीतरी म्हणालं, "असल्यांचं असंच. बुद्ध झालं म्हणून जात जाती काय?" दोघं हसले. युनियनच्या सभेत 'सगळे कामगार भाऊ भाऊ' म्हणून मीच ओरडतो. आज घसा बसला होता बहुतेक.

गुरु. २९

यंदा फेब्रुवारीला जादा दिवस. मॅ.साहेबांनी तोही कमी करायला हवा होता.

झोप लागत नाही. एकच घोकतोय. माझ्या थोबाडामुळे आठ घरं बसली हे एक. पण ते चुकून झालं, फुशारकीत झालं, ते माणूस सोसेल. दुसरं चुकून होत नाहीये. रोज सकाळी डेपोत जातो आणि रोज नव्यानं गप्प बसतो.

आणखी एक, हे लिहायलाही लाज वाटते. संशय मानेवर आला असता तर मी गप्प राहिलो असतो का? मानेला धरून बोलणारे दहा उभे राहिले असते, प्रकरण माझ्यापर्यंत आलंच असतं. कांबळे आहे म्हणून सोपं गेलं.

रविवार, ३ मार्च

एस.टी.नं साताऱ्याला गेलो. युनियनचे अध्यक्ष, अण्णा, तिथल्या डेपोतले जुने ड्रायव्हर. ठरवून गेलो होतो की त्यांना सगळं सांगायचं. रस्ताभर मनात वाक्यं जुळवली.

अण्णांनी दारातच मिठी मारली. "दिनकर, तुझ्यासारखी माणसं हायत म्हणून युनियन हाय." वहिनींनी पोहे केले. पोहे खाल्ल्यावर कुठलं तोंड उघडतंय.

कांबळ्याचं त्यांच्या कानावर आधीच गेलं होतं. ठरलं असं: शनिवारी सांगलीत सभा. कपातीविरुद्ध लढायचं, पण आधी घर साफ करायचं. कांबळ्याला युनियनमधून काढायचा ठराव, आणि चिटणीस म्हणून तो मांडणार मी. डेपोत युनियनबाहेरच्या माणसाला कुणी जोडीला घेत नाही. म्हणजे साहेबानं ठेवलं, तरी आम्ही घालवणार.

येताना कऱ्हाडला गाडी थांबली. मलकापूर जवळच. उतरावं, त्याच्या आईला भेटावं असं मनात आलं. उसाचा रस पिऊन परत गाडीत बसलो.

बुध. ६

कांबळ्याची पाठ धरली. पोतं घेऊन उठताना पायच उचलेना. तरी ते खाली टाकलं नाही, टेकवलं.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. खोलीत बाबासाहेबांची तसबीर, खाली तो पालथा पडलेला, बायको मिठाच्या पुरचुंडीनं शेकत होती. ती उठून चहा ठेवायला गेली तेवढ्यात सांगून टाकलं. "रामा, साहेबाला मी सांगितलं. चांगलं म्हणून सांगितलं रे."

तो तसाच पालथा. म्हणाला, "म्हाईत हाय मला."

"कसं?"

"मी बोल्लो न्हवतो. मग साहेबापाशी खुर्चीवर बसून बोलणारा डेपोत दुसरा कोन हाय, दिनूभाऊ?"

मग तू का नाही सांगितलंस, विचारलं. तर मान वळवून माझ्याकडे बघितलं त्यानं. रागानं नव्हे. राग परवडला असता. "मी सांगून कुनी मानलं असतं व्हय? उलट म्हनले असते, चिटनिसावर ढकलतोय. तुमी सांगा. तुमचं मानतील."

चहा आला. माझ्या चहात साखर जास्त घातली होती तिनं.

शुक्र. ८

शालनला सांगितलं. ऐकून घेतलं. "त्या दिवशी मी इचारलं व्हतं, तुमी बोलला काय म्हणून," एवढंच म्हणाली. मग भांडी आवरता आवरता, "उद्या सांगून टाका. नोकरी गेली तर वडूजला जाऊ, माझा भाऊ काय उपाशी ठिवायचा न्हाई. पर त्या माणसाची पाठ मोडून घरात भाकरी नको." तिच्या माहेरच्या त्या माळावर काय पिकतं ते मला ठाऊक आहे. तरी बरं वाटलं.

शनि. ९

सभा झाली. काय लिहू.

सगळे जमले होते. कांबळे दाराशी उभा, बसता येत नाही म्हणून. अण्णांनी भाषण केलं आणि म्हणाले, चिटणीस ठराव मांडतील. मी उठलो. सांगितलं. "ठराव मांडत नाही. साहेबाला खिळ्याचं कांबळ्यानं सांगितलं नाही. मी सांगितलं."

वाटलं आता शिव्या पडणार. पडल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

मानेच उठला. डोळे भरलेले. "बघा रं. स्वतःवर घेतोय गडी. एका गड्याची भाकरी जाऊ नये म्हणून आपल्या तोंडाला काळं लावतोय. असला चिटणीस मिळायचा न्हाई." टाळ्या! मी ओरडलो, अरे खरंच मी सांगितलं, चहा प्यालो, खुर्चीवर बसून सांगितलं. तर टाळ्या आणखी वाढल्या. अण्णा उठून आले, माझा हात धरून वर केला. म्हणाले, दिनकरच्या शब्दाखातर कांबळ्याला या खेपेला माफ करू.

माफ!

माझ्यासाठी आणलेला नव्हता, अण्णांसाठी आणलेला हार होता. तो त्यांनी माझ्या गळ्यात घातला. दाराकडे बघितलं. कांबळे भिंतीला धरून चालला होता. खरं बोलून तो खोटा ठरला, आणि मी खरं बोलून देव.

हार घरी आणला नाही. वाटेत नदीकाठी टाकला. शालननं विचारलं, "सांगितलं?" "सांगितलं." "मग?" मी हातपाय धुवायला मोरीत गेलो.

सोम. ११

कांबळे कामावर आला. पाठीला पंचा घट्ट बांधलेला. माफी मिळाली म्हणजे काय, तर शिव्या थांबल्या. हात अजून कुणी देत नाही. मानेनं दुसरा जोडीदार धरलाय. मला मात्र सकाळपासून प्रत्येक जण वाकून नमस्कार. एकानं तंबाखू मळून दिली.

मी पुन्हा सांगून बघितलं, एकेकाला बाजूला घेऊन. "व्हय व्हय, दिनूभाऊ," म्हणतात आणि खांद्यावर हात ठेवतात. मॅ.साहेबांना विनवलं, तुम्हीच खाली येऊन सांगा कुणी सांगितलं ते. म्हणाले, बघू.

गाडी लागली. कांबळ्यानं पोतं कडेला ओढलं आणि खाली बसायला लागला. मी पेन ठेवलं, टेबलामागून उठलो, गेलो. समोरून पोत्याचे कान धरले. कसं धरायचं तेही धड माहीत नाही. "खाली धरा," तो म्हणाला. धरलं. उचललं. छातीत कळ आली, सदरा हळदीनं पिवळा. पोतं त्याच्या पाठीवर गेलं.

मागे हशा. "चिटनीस हमाल झालं रं!" कौतुकाचा हशा.

चार-पाच पोत्यांतच माझे हात थरथरायला लागले. बोटांची कातडी सोलली. गाडी भरून झाल्यावर तो माझ्याजवळ आला. आभार वगैरे काही मानले नाहीत. पंच्याच्या टोकानं तोंड पुसलं आणि विचारलं, "उद्याबी येनार काय?"

त्याला खरंच हवं होतं उत्तर. उद्या गुळाच्या दोन गाड्या आहेत.

तोंडातून निघून गेलं, "बघू."