झाडून ठेवलेलं स्टेशन

१० ऑक्टोबर, गुरुवार
चिकटपट्टी! मी रोज पुसते त्याच काचेवर रेल्वेवाले वाकडा कागद डकवून गेले. १४ नोव्हेंबरला इथून किती माणसं गाडीत चढतात ते मोजणार म्हणे. तिघांपेक्षा कमी चढली तर मार्चपासून गाडी इथे थांबणार नाही. स्टेशनमास्तर काढून नेला त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून झाडतंय कोण? मी! बाकावरच्या गाद्या कोणी शिवल्या? मीच!

किकुनो ७:४२ ने नेहमीसारखी शहराच्या इस्पितळात गेली. दर सोमवार-गुरुवार चढणारी ती एकटीच. "यासुए, इतकं लख्ख ठेवतेस की पाय ठेवायची लाज वाटते गं," म्हणाली. गाडी दिसली तशी मी झाडू घेऊन शेडमागे गेले. मीही चढणार असं वाटून चालकाचा खोळंबा नको.

१३ ऑक्टोबर
गावाची सभा. गावप्रमुख कुराता छाती काढून म्हणाले, "स्टेशन म्हणजे आपल्या गावाचं नाक!" सगळ्यांनी माना डोलावल्या. बाहेर बारा मोटारी उभ्या! मी विचारलं, "आगगाडीत शेवटचं बसलं कोण होतं?" सगळे चहाच्या पेल्यात बघायला लागले. ठरलं एकदाचं — १४ तारखेला झाडून सगळ्यांनी यायचं.

६ नोव्हेंबर
किकुनो न्हाणीघरात पडली. खुबा मोडला. मुलाने शहरात नेली.
पडायचंच होतं तर आठ दिवस थांबता आलं नाही तिला? असं लिहू नये. लिहिलं.

१४ नोव्हेंबर
संताप नुसता! आले ना, सगळे आले — बादल्या आणि फडकी घेऊन! मोजायला साहेब येणार, त्याला स्टेशन घाण दिसायला नको म्हणून! साहेबाला गादी काय, चहा काय, मुळ्याचं लोणचं काय! ७:४२ आली. एकच डबा, दार उघडलं. सगळे एकमेकांपुढे अदबीने कमरेत वाकले. "तुम्ही व्हा पुढे." "छे छे, आधी तुम्ही!" प्रत्येकाला वाटलं दुसरा चढेल. मी शेडमागून ओरडले, "अहो, चढा की!" दार मिटलं. आणि मूर्खांनी हात हलवून गाडीला निरोप दिला!

पुढच्या दोन गाड्यांना तर निरोप द्यायलाही कोणी नव्हतं. साहेब म्हणाला, "इतकं सुंदर स्टेशन कुठे पाहिलं नाही." वहीत शून्य लिहिलं आणि गेला.

१५ नोव्हेंबर
कुणाशी बोलणार नाही. कुराताशी तर जन्मात नाही!

२८ नोव्हेंबर
पत्र आलं. मार्चपासून बंद. निदान किकुनो तरी असती! इस्पितळासाठी का होईना, चढत होती बिचारी. या बारा मोटारवाल्यांपेक्षा ती दुखणाईत बाई बरी.

२ डिसेंबर, सोमवार
किकुनोची सून तिचे कपडे न्यायला आली होती. मी म्हटलं, "चला, इस्पितळाची गाडी गाठायची दगदग तरी सुटली."
"कसलं इस्पितळ, मावशी? ते दोन वर्षांपूर्वीच सुटलं. आई पुढच्याच स्टेशनात उतरायच्या, परतीच्या गाडीची वाट बघत बसायच्या. म्हणायच्या, यासुए रोज झाडते, कुणीतरी चढायला नको का?"
एकोणीस वर्षं झाडलं मी. चढले एकदाही नाही.