स्वयंपाकघरातली तालीम

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागवायची सोयच राहिलेली नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नसतं, आणि तुमच्याबद्दल तर मुळीच नाही. हा माणूस कधी कोणापुढे वाकला नाही, असं चौदा एप्रिलला जयंतीच्या भाषणात अजून कोणीतरी सांगतंच. मी पुढच्या खुर्चीवर बसून ऐकते, टाळ्याही वाजवते. मग घरी येऊन दोन दिवस कोणाशी धड बोलत नाही. धाकटी फोनवर म्हणते, बीपी तपासून घे.

अपंगांच्या कोट्यातून मला बारामतीत स्टँडसमोर एसटीडी बूथ मिळाला, त्यासाठी तुम्ही किती खेटे घातलेत ते मी विसरलेले नाही. पोलिओने वाळलेला माझा उजवा पाय, त्याला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर, जड बूट. बोर्डावर तुम्ही चांगलं नाव रंगवून घेतलं होतं, पण लोकांनी आठवड्यातच दुसरं पाडलं. आत उभा राहून माणूस पलीकडच्याला ओरडून सांगायचा, "आरं, लंगडीच्या हितनं बोलतुय," आणि मी काचेच्या अलीकडे बसून मीटरचे आकडे बघत असायची. एक दिवस घरी येऊन खूप रडले. तुम्ही जवळही घेतलं नाही आणि रागावलातही नाही. "झालं रडून? मग बस हितं," एवढंच म्हणालात.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आपली तालीम सुरू झाली. आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसलाय, आणि तुम्ही गिऱ्हाईक झालाय. "काय गं लंगडे, सोलापूर लाव की." मी म्हणते, "काय म्हणालात?" तुम्ही मान हलवता. "आवाज पडला. परत." मी परत म्हणते. "आता हात चाळवू नगंस. शिवी द्यायची न्हाय, रडायचं न्हाय. त्येच्या डोळ्यात बघायचं आन म्हनायचं, काय म्हणालात, परत म्हणा. घाण बोलणारा माणूस एकदाच बोलतो, पोरी. परत बोलायला त्येची जीभ वळत न्हाय." हे तुम्ही अनुभवाने शिकला होतात. पाटबंधाऱ्याचे मोजणीदार म्हणून गावोगाव हिंडताना एका बागाईतदाराने तुम्हाला गोठ्यातल्या फडताळावरच्या कपात चहा दिला आणि तुमच्यातल्यांचा कप हाच, असं सांगितलं. तुम्ही त्याला ते परत म्हणायला लावलंत. तो घामाघूम झाला आणि आतून बशी-कप घेऊन आला. ही गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितली होती की भाकरी परतता परतता आई तुमच्या आधीच पुढचं वाक्य म्हणायची.

आणि तुमचं म्हणणं खरं निघालं. भाजीबाजारातला एक दलाल माझ्या पायावरून काहीतरी बोलला, मी सगळं तालमीतल्यासारखं म्हटलं, आणि तो नोटांशी चाळा करत म्हणाला, "काय न्हाय ताई, नंबर बघा तेवढा." मी हे घरी सांगितलं तेव्हा तुम्ही चपला घालून बाहेर गेलात आणि गरम जिलबी घेऊन आलात. त्या दिवसापासून मला बूथवर जायची भीती वाटली नाही. माझा बाप माझ्या मागे उभा आहे असं मला वाटायचं. वाटायचं काय, खात्रीच होती.

मग धाकटीला बघायला बावड्याचे पाहुणे आले. मुलगा नोकरीला, घरची बागाईत, आपल्यातलेच, धम्माचं सगळं पाळणारे. पोह्यांचा ट्रे मी बाहेर आणला, कारण धाकटी साडी सावरत होती. मुलाचा चुलता, पांढरी टोपी घातलेला जाडसर माणूस, माझ्या बुटाकडे बघत होता. "ही थोरली व्हय? हिचं असं हाय हे आदी सांगायला पायजे हुतं. आन लग्नात हिला लई पुढं पुढं नका करू. लोक इचारत्यात, रक्तातच हाय का काय म्हनून."

मी ट्रे खाली ठेवला, त्याच्या डोळ्यात बघितलं आणि विचारलं, "काय म्हणालात? परत म्हणा." आवाज अजिबात पडला नव्हता. पेपर चांगला गेल्यावर बघावं तसं मी तुमच्याकडे बघितलंही.

आणि तो परत बोलला, आबा. बशीतला शेंगदाणा बाजूला सारत, अगदी शांतपणे. "म्हनलं, लंगडी पोरगी मांडवात पुढं नगं."

हे आपल्या तालमीत कधी आलंच नव्हतं. जो दुसऱ्यांदाही बोलू शकतो त्याला काय म्हणायचं, ते तुम्ही शिकवलं नव्हतं. माझ्याकडची वाक्यं संपली होती, आणि म्हणूनच मी निर्धास्त होते, कारण आता तुमची पाळी होती. तुम्ही घसा खाकरलात. "पाव्हणं काय वावगं बोलले न्हाईत," तुम्ही म्हणालात. "जा बाई, तू आत जा." मग त्यांच्याकडे वळलात. "रक्तातलं न्हाय ओ. ल्हानपणी ताप आल्ता. आन ती आपणहून बसंल आतल्या अंगाला. तिला न्हाय आवडत गर्दी."

मला गर्दी आवडत नाही. मी दिवसभर एसटी स्टँडसमोर बसत होते, आबा.

लग्नात "सामानापाशी घरचं कुणीतरी पायजे" असं म्हणून तुम्ही मला आतल्या खोलीत ट्रंका आणि आहेराच्या भांड्यांजवळ बसवलंत. बाहेर लाउडस्पीकरवर पंचशील सुरू झालं. सगळ्यांनी म्हणायचं असतं म्हणून मीही त्या खोलीत एकटीने म्हटलं. मध्ये तुम्ही पत्रावळ घेऊन आलात, "खाऊन घे," म्हणालात आणि माझ्याकडे न बघता गेलात. धाकटीच्या अल्बममध्ये मी कुठेच नाही. तिला वाटतं मी फोटोला लाजत होते.

ते स्थळ चांगलं होतं हे मला कळतं. धाकटी सुखात आहे आणि तिचं सुख मोडायची माझीही तयारी नव्हती. पण तुम्ही नुसते गप्प बसला असतात तरी चाललं असतं. वावगं बोलले नाहीत, असं म्हणायची काय गरज होती? जातीवरून अर्धा शब्द कोणी बोललं असतं तर तुम्ही ताट सरकवून उठला असतात, मग समोर सोन्यासारखं स्थळ का असेना. पण हा माणूस आपल्यातला होता, त्यामुळे तुम्हाला तो अपमान वाटलाच नाही. तुमचा झाला तो आपल्या सगळ्यांचा अपमान, आणि माझा मात्र माझ्या एकटीचा. त्यानंतर स्वयंपाकघरातली तालीम बंद झाली. ना तुम्ही विषय काढलात, ना मी. तुम्ही मला फसवलंत, आबा. हे वाक्य तुमच्यासमोर म्हणायला मी तुमच्या शेवटच्या आजारातही संधी शोधत होते, आणि तुमच्या उशाशी बसून फक्त औषधांच्या वेळा सांगत राहिले.

बूथ गेला, तिथे आता माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. परवा काटेवाडीची एक मुलगी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आली होती, काठी घेऊन, आईच्या पाठीमागे लपत. तेवढ्यात एक गिऱ्हाईक माझ्या चालण्यावर काहीतरी बोललं आणि मी त्याला जागच्या जागी गप्प केलं. मुलगी बघतच राहिली. असं बोलायला तुम्हाला कोणी शिकवलं, तिने विचारलं. वडिलांनी, मी म्हटलं. "लई भारी हुते की तुमचे वडील," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. नेहमीच म्हणते. पुढचं मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, धाकटीलाही नाही, आणि हा कागदही दुकान बंद करायच्या आधी फाडणार आहे. तुमची अब्रू राखायला नाही. पुढचं सांगितलं तर मला शिकवणारा माणूसच हातचा जाईल, आणि दुकानात बसायला तो मला अजून रोज लागतो.